पकडीचे ठिपके

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर आणि मुलीला मूल झाल्यावरही, कारखान्यात तिला सगळे धाकटीच म्हणत. त्याला कारण तिची थोरली जाऊ. थोरली आधी नक्षीखात्यात लागली, दहा वर्षांनी तिने हिला हाताला धरून आणलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "ही आमची धाकटी." झालं, चिकटलं ते चिकटलं. साहेब बदलले, माग बदलले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. हजेरीपुस्तकात तिचं खरं नाव होतं म्हणे, पण ते हजेरीपुस्तकापुरतंच.

कारखाना पडद्यांच्या आणि पलंगपोसांच्या कापडाचा, आणि नक्षीखात्याचं काम ठिपके भरण्याचं. चौकटींच्या कागदावरची एक चौकट म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथे भेटतात ती एक जागा. तिथे कोणत्या रंगाचा धागा वर यायचा, ते त्या चौकटीत रंगाचा ठिपका भरून सांगायचं. हातभर वेल काढायचा तर पन्नास-साठ हजार ठिपके. थोरली ते बारीक ब्रशने भरायची, आणि शेजारी बसलेली धाकटी चुकली की ब्रशच्या मागच्या टोकाने तिच्या बोटांवर एक ठेवून द्यायची. घरी जाऊ आणि कामावर मास्तरीण, म्हणजे धाकटीला चोवीस तासांत सुटका कुठेच नव्हती. पण घरी दोघींची भांडणं मिठाच्या बरणीवरून व्हायची, ठिपक्यांवरून एकदाही झाली नाहीत. ठिपक्यांच्या बाबतीत थोरलीचं बरोबरच असायचं आणि ते धाकटीला मान्य होतं.

त्यांच्या कामात पकडीचा ठिपका म्हणून एक प्रकार होता. एखादा धागा लांबवर मोकळाच सोडला तर तो कापडाच्या पाठीला लोंबतो, अंगठी अडकते, दोन धुण्यांत कापडाची लक्तरं होतात. म्हणून दर सात-आठ चौकटींनंतर एक एकटा ठिपका टाकायचा, तो धाग्याला तिथे धरून ठेवतो. पुढून बघणाऱ्याला तो दिसतही नाही. हा ठिपका थोरली नक्षीमागच्या जमिनीच्याच रंगात, पण एक छटा फिका भरायची, म्हणजे नक्षी बघताना डोळा त्यात अडकत नाही. पुढे खात्याची तीच रीत झाली. आणि त्या फिक्या छटेला कोणी रंग म्हणून मोजत नसे. नक्षी चार रंगांची म्हटली की चार रंग आणि पकड, पण तोंडाने म्हणायचं चारच.

वीस वर्षांपूर्वी कागद गेले आणि कॉम्प्युटर आला. मागांबरोबरच आलेला एक प्रोग्राम त्यात होता, आणि त्या प्रोग्रामचा स्वभाव माहेरच्या श्रीमंतीत वाढलेल्या सुनेसारखा. त्याच्या फाइली फक्त त्यालाच उघडायच्या, दुसऱ्या कुणाशी त्याचं पटत नसे. थोरलीचे सगळे जुने कागद धाकटीने त्यात ठिपका-ठिपका करून चढवले, थोरली शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून बघत असायची. सहा वर्षांनी त्याच डोळ्यांनी दगा दिला. आधी कडा गेल्या, मग मधलं, मग सगळंच. डॉक्टरांनी हात टेकले. थोरली घरी बसली ती बसलीच, आणि नक्षीखात्यात धाकटी एकटी उरली.

यंदा कारखान्यात नवे माग आले. जुन्या प्रोग्रामची कंपनी केव्हाच बुडाली होती आणि नवे माग त्याच्या फाइलींकडे ढुंकून बघत नव्हते. साहेबांनी धाकटीला बोलावलं. साहेब वयाने तिच्या मुलीएवढा, पण माणूस सरळ.

"बाई, चार हजार दोनशे बारा नक्ष्या आहेत त्या डबड्यात. सगळ्या साध्या फॉरमॅटमध्ये करून द्या. कुठेही उघडेल असा कुठलाही घ्या."

"एकेक करून?"

"छे! एकदम पाच-पाचशे निवडायच्या, फॉरमॅट सांगायचा, बटन दाबायचं. तुम्ही फक्त चहा प्यायचा."

कुठेही उघडणारा फॉरमॅट म्हणजे धाकटीच्या मते जेपीजी. मुलगी नातवाचे फोटो पाठवते ते जेपीजीच असतात आणि ते नवऱ्याच्या जुन्या मोबाइलवरसुद्धा उघडतात, मग आणखी काय पाहिजे? तिने दहा नक्ष्या करून पाहिल्या. पडद्यावर हुबेहूब दिसल्या. मग तिने निवडल्या पाचशे आणि दाबलं बटन. चहा मात्र काही निवांत पिता आला नाही. जुनं यंत्र दर शे-दीडशे फाइलींनंतर आ वासून थांबायचं, मग कुठल्या फाइलीपाशी अडलं ते शोधा, तिथून पुन्हा सुरू करा. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिने साहेबांच्या कागदावर सही केली की सगळं उतरवून झालं, जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला हरकत नाही. दोघा हमालांनी तो उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला. भंगारवाला शनिवारी यायचा होता.

त्या संध्याकाळी धाकटी हवेत होती. चौतीस वर्षांचं काम तिच्या मोबाइलमध्ये मावलं होतं. तिने नवऱ्याला समोर बसवलं आणि एकेक नक्षी सरकवत गेली. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. तो चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.

"हे सगळं तू केलंस?"

"मग कोणी? काही थोरल्या वहिनींनी, बाकी मी."

"मला वाटायचं तू तिथे चौकटी रंगवतेस."

"चौकटीच रंगवते."

"अगं, पण हे एवढं..." असं म्हणून तो पुन्हा पहिल्या नक्षीपासून बघायला लागला. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला आपलं काम दिसलं याचं हसावं की रडावं ते तिला कळेना. तिने चहा टाकला.

थोरली खिडकीशी खुर्चीत बसून ऐकत होती. तिच्या हातात मोबाइल देऊन काय उपयोग? काच सगळीकडून गुळगुळीत.

"माझा तो दुहेरी वेल आला का त्यात?" तिने विचारलं.

"आला की, ताई. छान दिसतोय."

"दिसत असेल. मला विणून आण. हाताला लागला तर मी म्हणेन आला." मग म्हणाली, "अठरा वर्षं झाली तो मागावर चढून. घरातला तुकडा विरून गेला. मरायच्या आधी एकदा हातात घ्यायचाय, एवढंच."

थोरली मरणाची भाषा ऊठसूट करणारी नव्हती. तब्येतीबद्दल विचारलेलंही तिला खपत नसे. त्यामुळे ते धाकटीच्या मनाला लागलं. नव्या मागावर पहिलं कापड उतरेल ते दुहेरी वेलाचंच, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

माग लावणारा फिटर बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, यंत्राशी बोलायचा आणि माणसांवर खेकसायचा. त्याने वेलाची फाइल मागाला दिली आणि हसायलाच लागला.

"बाई, मशीन म्हणतंय दोनशे चौदा रंग. एवढं सूत कुठून आणू? दुकान उघडायचंय का?"

"काहीतरीच! चार रंगांची नक्षी आहे ती."

"मग चारच ठेवतो. बटन आहे त्याला. बाकीचे जवळच्या रंगात जातील." आणि बोट बटनावर ठेवून त्याने पुन्हा विचारलं, "नक्की चार ना?"

"चार," धाकटी म्हणाली. चौतीस वर्षं ती हेच म्हणत आली होती.

कापड उतरलं. काय सुंदर उतरलं! हिरव्यावर पांढरा आणि तांबडा वेल, एकमेकांत गुंतलेला, जरीचा नसून जरीसारखा पिवळा काठ. फिटरनेसुद्धा खेकसायचं थांबवून ते दोनदा बघितलं. धाकटीने दीड हात कापून घेतलं आणि घरी येऊन चपला काढायच्या आत थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

थोरलीने आधी तळवा फिरवला. मग बोटांची टोकं. पांढऱ्या वेलावरून ती अशी गेली की वळण यायच्या आधीच बोट वळत होतं. चेहरा उजळला. धाकटीच्या जिवात जीव आला. मग थोरलीने कापड उलटं केलं, पाठीवरून नखं हलकेच ओढली, आणि थांबली. पुन्हा ओढली. एक नख अडकलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"ताई, तुमचंच आहे. मीच चढवलेलं, तुम्ही शेजारी होतात."

"माझ्या कापडाला पाठ होती. याला कुठे आहे? इथे धागा मोकळा. हा बघ. हा दुसरा. हा तिसरा." वीतभर जागेत तिने अकरा मोजले. "पकड कुठे गेली सगळी?"

"मशीनने खाल्ली असेल. नवीन आहे."

"मशीनला ठिपके कोणी दिले?"

थोरलीने कापडाची घडी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि तिच्याकडे परत दिली. रागावली असती, ब्रशचं टोक मारलं असतं, तर धाकटीला बरं वाटलं असतं. रात्रीच्या जेवणाला थोरली दोन घास खाऊन उठली. नवरा धाकटीला हळूच म्हणाला, "अगं, पुढून छान आहे ना? लोक पुढूनच बघतात." धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने ताटं उचलली.

सकाळी तिने नव्या कॉम्प्युटरवर वेल उघडला आणि मोठा करत करत इतका मोठा केला की एकेक चौकट नखाएवढी झाली. मग तिला दिसलं. रंगाची कडा जिथे जिथे होती तिथे राख उडवल्यासारखी चौकटींची धूळ पसरली होती, ना धड हिरवी ना धड पांढरी. जेपीजी हा फोटोंचा फॉरमॅट. फाइल लहान करायला तो शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळतो. नातवाच्या गालावर ते खपून जातं. इथे एकेक चौकट म्हणजे एकेक धागा होता, आणि जमिनीहून एकच छटा फिका असलेला एकटा ठिपका त्या मिसळण्यात आधी गेला होता. काही उरले होते ते 'चार' म्हटल्यावर फिटरच्या बटनाने जमिनीत ढकलले. तिने पाच रंग सांगून पाहिलं. पाचवा म्हणून यंत्राने भलतीच धूळ उचलली. वेलाचीच नव्हे, चार हजार दोनशे बारा नक्ष्यांची पाठ गेली होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने, चहा पीत घालवली होती.

ती जिन्याखाली धावली. शनिवार यायला दोन दिवस होते, यंत्र जागेवरच होतं. तिथेच प्लग शोधून तिने ते सुरू केलं. आतून टक्-टक् असा आवाज आला, पडदा काळाच राहिला. वीस वर्षं कधी न विझलेलं यंत्र चार दिवस गार पडलं होतं.

आता अळीमिळी गुपचिळी करणं सोपं होतं. दोष मागावर, फिटरवर, यंत्रावर कुणावरही जाऊ शकला असता, आणि तिच्या निवृत्तीला सातच महिने उरले होते. खोटं कशाला सांगू, जिन्याखाली उभ्या उभ्या हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग ती वर गेली आणि साहेबांच्या दारातच म्हणाली, "साहेब, मी चुकले. सगळ्या नक्ष्या बाद आहेत. फॉरमॅट मी चुकीचा घेतला, आणि रंग चार मी सांगितले."

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते ओरडले नाहीत. "कुठलाही घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी फिटरला हाक मारली.

फिटरने यंत्र नक्षीखात्यात उचलून आणलं, झाकण काढलं, कान लावून ऐकलं, आणि आतल्या डिस्कच्या अंगावर पेचकसाच्या मुठीने दोन टिचक्या मारल्या. तिसऱ्या टिचकीला घरघर सुरू झाली. "उठलीय," तो म्हणाला. "पण ही आता पडली की पुन्हा उठायची नाही. चार तास चालेल, नाहीतर चार दिवस. काय काढायचं ते भराभर काढा." नुसत्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन उपयोग नव्हता, कारण त्या वाचणारा प्रोग्राम त्याच डबड्यात होता आणि तो दुसरीकडे बसत नव्हता.

या वेळी धाकटीने आधी एकच नक्षी केली. पीएनजी नावाचा दुसरा फॉरमॅट होता, तोही सगळीकडे उघडणारा, पण ठिपक्याला ठिपका ठेवणारा. तिने ती मोठी करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चौकटी पाहिल्या. चार रंग आणि पकड, सगळं जागच्या जागी. फाइली जड झाल्या, होऊ देत.

मग प्रश्न आला, आधी काय? साहेबांनी चालू मागणीतल्या तीनशे नक्ष्यांची यादी दिली, ती पहिली घ्यायलाच हवी होती. "पुढचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. उरलेल्यांत अकराशे थोरलीच्या होत्या आणि बाकी सगळ्या धाकटीच्या. तिने एक क्षण यादीकडे बघितलं आणि थोरलीच्या अकराशे रांगेत लावल्या.

ते यंत्र चार दिवस चाललं. फिटरने शेजारी पाटी लावली, 'हात लावाल तर हात मोडीन.' धाकटी सकाळी आली की दाराबाहेर उभी राहून आधी घरघर ऐकायची, मगच दार उघडायची. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी सकाळी संपल्या. मग तिने स्वतःच्या लावल्या. एक, दोन, पन्नास, शंभर. दुपारी चारच्या सुमाराला दोनशे अकरावी पूर्ण झाली आणि आतली घरघर, पंखा बंद करावा तशी, सावकाश उतरत गेली. फिटरने टिचक्या मारल्या, उलटं केलं, शिव्या दिल्या. शेवटी पेचकस खिशात ठेवला आणि न खेकसता म्हणाला, "संपली, बाई."

तिच्या हजारो नक्ष्या आता नुसत्या बघायच्या राहिल्या. मोबाइलवर सुरेख दिसतील, मागावर चढणार नाहीत. ती संडासात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि साहेबांना आकडा सांगायला गेली.

नवा दुहेरी वेल उतरला तो तिने घरी नेला. थोरलीने पाठ तपासली, पुन्हा तपासली, आणि कापड गालाला लावून कितीतरी वेळ तशीच बसली. धाकटीला वाटलं, झालं, भरून पावलं.

"आणि तुझी किती आली?" थोरलीने गालावरचं कापड न काढता विचारलं.

"आली."

"किती?"

"मागणीतल्या सोडून दोनशे अकरा. तुमच्या सगळ्या आल्या, ताई. तुमच्या आधी लावल्या."

थोरलीने कापड खाली ठेवलं. "मूर्ख आहेस. पहिल्यापासूनच मूर्ख. माझ्या नक्ष्या मला पाठ आहेत. अजून बोटांत आहेत. मी इथे बसून ठिपका-ठिपका सांगितल्या असत्या, तू भरल्या असत्यास. तुझ्या कोण सांगणार?" तिचा आवाज चिरकला. "फोटो आहेत ना त्यांचे?"

"आहेत. पण पकड नाही, कडा फुटल्यात."

"पकड कुठे हवी ते तुला कळत नाही का? फोटो बघायचा आणि नव्याने भरायचं. दिवसाला किती होतील?"

"लहान असली तर एक."

"सात महिने आहेत. म्हणजे दीडशे. निवड दीडशे."

आयुष्यभर तिने सांगितलेलं भरलं होतं, गिऱ्हाइकाने, साहेबाने, मागाने सांगितलेलं. यातलं आपलं चांगलं कोणतं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. "मला नाही कळत, ताई," ती म्हणाली. "तुम्ही सांगा कुठल्या चांगल्या."

"मी कशी सांगू? चौदा वर्षांत तू तुझं एक कापड माझ्या हातात दिलं नाहीस."

ते खरं होतं. घरात थोरलीच्या नक्षीचे पडदे होते, पलंगपोस होता. धाकटीने आपलं चिंधीभरसुद्धा आणलं नव्हतं. तिला भीती वाटायची, दुसरं काही नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईला जावेच्या बोटांची भीती वाटायची.

नऊ दिवसांनी तिने आणलं. पहिली निवडलेली नक्षी पाण्यावरच्या तरंगांची होती, मुलगी लहान असताना काढलेली आणि गिऱ्हाइकाने नापसंत केलेली, म्हणून कधीच न विणलेली. फोटोवरून तिने ती तीन दिवस भरली होती आणि फिटरने माग मध्येच थांबवून, साहेबांना न विचारता, दीड हात काढून दिली होती. धाकटीने ती थोरलीच्या मांडीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात पळून न जाता समोर बसली. नवरासुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होता.

थोरलीने पुढून हात फिरवला. तरंग एकमेकांत शिरत होते तिथे ती थबकली, मागे आली, पुन्हा तिथून गेली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते धाकटीला कळेना. मग तिने कापड उलटं केलं आणि नखं ओढत गेली, या काठापासून त्या काठापर्यंत, अगदी सावकाश. शेवटच्या तरंगापाशी एक नख अडकलं.

"इथे एक ठिपका चुकलाय," ती म्हणाली.

धाकटीने वाकून पाहिलं. खरंच होतं, एक धागा मोकळा. "हो, ताई," ती म्हणाली. "तो मशीनचा नाही. माझाच आहे."

थोरलीचा हात कापडावरच राहिला. "तो नीट कर," ती म्हणाली, "आणि उद्या दुसरं आण. मला सगळी दीडशे बघायचीत."